वणव्यातून वाचलेली माणसं, वाचलेली जनावरं : तुमचे अनुभव लिहा

वणवा म्हटलं की जीव घेऊन पळणारं सगळं रान डोळ्यांसमोर येतं. पण आगीत सापडून बाहेर आलेल्यांचं ऐकावं, तर निम्म्या गोष्टी पळण्याच्या नसतातच. तुम्ही काय पाहिलंत? माणसाचं लिहा, जनावराचं लिहा, त्रोटक असलं तरी चालेल. ऐकीव असेल तर तसं सांगा. वणवे कोण लावतं यावरची हाणामारी मात्र इथे नको.

उतारावरचा
जाळरेषा (आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढणाऱ्या टोळीत बरीच वर्षं होतो. डोंगरात आग खालून वर चढते ती भलत्या वेगाने, कारण वरचं गवत ज्वाळा पोचण्याआधीच तापून कोरडंठाक झालेलं असतं. म्हणून माथ्याकडे पळणं सगळ्यात वाईट. एका दुपारी वारा फिरला आणि आम्ही फांद्यांनी झोडपत होतो ती आग उलटली. मुकादम ओरडला, "जळक्यात या, जळक्यात!" जिथे ज्वाळा गुडघ्याखाली होत्या तिथून उडी टाकून आम्ही मागच्या काळ्या पट्ट्यात शिरलो. बुटांचे तळ चटके देत होते, धुराने डोळे उघडवेनात, पण पेटायला तिथे काही उरलंच नव्हतं. धूर विरळ झाल्यावर दिसलं, पलीकडे एक भेकर उभं. एरवी माणसाची चाहूल लागली की भुंकत सुटणारं जनावर, पण जागचं हललं नाही. त्याला कोणी मुकादम नव्हता!

कोरा कागद
उतारावरचा, तुमच्या मुकादमावरून मॅन गल्च आठवलं (हे वाचलेलं). ५ ऑगस्ट १९४९, अमेरिकेतलं मॉन्टाना राज्य. गवतातून चढणारी आग पाठीशी आली तेव्हा टोळीप्रमुख वॅग डॉज याने पुढचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या तुकड्यात तो पालथा पडून राहिला. सोबत्यांना हाका मारल्या, पण कोणी थांबलं नाही. त्या आगीत १३ जण गेले. डॉज वाचला. आणखी दोघं खडकातल्या फटीतून माथ्यापलीकडे निसटले, म्हणजे त्यांना वरची वाट साधली, पण तो अपवाद.

वीतभर माती
वणवा विझल्याच्या दुसऱ्या दिवशी राखेत घोरपडीचा माग दिसला, थोडं पुढे खुद्द बाईसाहेब. अंगावर डागही नाही. गवताची आग भरकन पुढे सरकते आणि माती उष्णता आत झिरपू देत नाही. वीतभर खाली फारसं काही कळत नाही. बिळावर एखादा जाड ओंडका धुमसत पडला तर मात्र खैर नाही. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांत 'वॉम्बॅट (तिथला बिळं खणून राहणारा प्राणी) इतर प्राण्यांना हाकून आपल्या बिळात नेतात' अशी गोष्ट फिरली होती. ते काही खरं नाही. त्यांची बिळं लांबलचक असतात आणि इतर प्राणी आपणहून शिरतात, एवढंच. मला तर हेच जास्त आवडतं.

कोतवालप्रेमी
आगीच्या अगदी तोंडाशी कोतवाल पक्ष्यांची झुंबड पाहिली आहे. उडणारे टोळ, नाकतोडे हवेतच टिपत होते. वर घारी. रातव्यासारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी मात्र तीच आग काळ.

मलमपट्टी
जखमी जनावरांच्या उपचार केंद्रात मदत करते. आग गेली की सुटलो असं नसतं. आमच्याकडे येणाऱ्यांत भाजलेल्या तळपायांचे खूप; चालता येत नाही म्हणजे पाणी नाही, चारा नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या १९८८ च्या वणव्यात एल्क हरणं मेली ती साडेतीनशेच्या आसपास, तीही बहुतेक धुराने. त्यानंतरच्या कडक हिवाळ्यात, चारा कमी पडल्यावर, कितीतरी जास्त मेली.

कोरा कागद
मलमपट्टीताई, भाजलेलं जनावर दिसलं तर पाणी पाजावं का? २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या सॅम नावाच्या कोआलाचा बाटलीने पाणी पितानाचा फोटो जगभर गाजला होता.

मलमपट्टी
बाटली तोंडाला लावू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात उतरू शकतं. पसरट भांड्यात ठेवा, दूर व्हा, त्याचं ते पिईल. उचलायला जाऊ नका, भेदरलेलं जनावर चावतं. वनविभागाला कळवा.

उतारावरचा
आणि शोधायला जाणाऱ्यांनी जुन्या खोडांपासून लांब राहावं. मुळं जमिनीखाली धुमसत जातात, वरून राख सपाट दिसते आणि पाय थेट निखाऱ्यात जातो. हातात काठी ठेवा, आधी ती टेका.