मदत हवी आहे: खाडीच्या अन्नसाखळीत विघटक शेवटी की मधे?

नमस्कार मंडळी,

विघटक, म्हणजे मेलेलं कुजवणारे जिवाणू आणि बुरशी, यांच्या जागेवरून आम्ही अडलोय. विज्ञान शिकवणाऱ्या किंवा खाडी-कांदळवनाचा अभ्यास असलेल्या कुणाची तरी मदत हवी आहे. माझी लेक मराठी माध्यमात नववीला आहे. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. मी कॉमर्सची, पण तिचा अभ्यास मीच घेते.

परिसंस्थेतल्या ऊर्जा प्रवाहाचा धडा चालू आहे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार ही साखळी ती झोपेतही म्हणेल. पण प्रकल्पाला ‘आपल्या परिसरातली अन्नसाखळी’ काढायची होती, म्हणून रविवारी तिला ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात घेऊन गेले.

ओहोटी होती. तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली. मधे एक पान पडलेलं, काळं, बुळबुळीत, नुसत्या शिरांची जाळी उरलेली. शेजारी बिळाच्या तोंडाशी एक खेकडा, एक नांगी अंगाएवढी आणि दुसरी इवलीशी. इवल्या नांगीने तो भराभर चिखल तोंडात घालत होता आणि साबुदाण्याएवढ्या गोळ्या बाजूला टाकत होता. तिथल्या ताईंनी सांगितलं की तो चिखलातलं शेवाळ, जिवाणू आणि कुजक्याचे कण तेवढे गाळून घेतो, उरलेल्या मातीची गोळी करून टाकतो. तिवराची हिरवी पानं खाणारे थोडेच. बरीचशी पानं गळून चिखलात कुजतात आणि त्या कुजक्यावर खेकडे, कोळंबी, लहान मासे जगतात.

घरी येऊन लेकीने काढलं: तिवराचं गळलेलं पान → जिवाणू व बुरशी → खेकडा → बगळा. वही परत आली ती लाल रेघेसह, ‘विघटक साखळीच्या शेवटी येतात.’ पोरगी रडवेली झाली. “आई, मी डोळ्यांनी बघितलंय गं.”

मला तिचं बरोबर वाटतं. पुस्तकातली साखळी जिवंत झाडापासून सुरू होते, ही मेलेल्या पानापासून. पहिल्या साखळीत विघटक सगळ्यांचे अवशेष कुजवतात म्हणून शेवटी दाखवतात; दुसऱ्या साखळीत तेच कुणाचं तरी जेवण आहेत, मग ते मधेच येणार. खाडीत दोन्ही साखळ्या एकाच वेळी चालू असतात. जाणकारांनी हे तपासून सांगावं.

त्यावर तिने विचारलं, ऊर्जा एकेरी वाहते ना, मग विघटकाला खेकड्याने खाल्लं म्हणजे ती मागे वळली का? मी सांगितलं, नाही. सूर्याची ऊर्जा पानात होती, ती जिवाणूत गेली, तिथून खेकड्यात, आणि प्रत्येक ठिकाणी काही उष्णता होऊन निघून गेली. तिवराकडे परत जातात ते नत्र, स्फुरद असे क्षार. ऊर्जेसाठी त्याला पुन्हा उन्हाकडेच बघावं लागतं. हे तिला पटलं.

अडलंय ते खेकडा कितव्या पातळीवर दाखवायचा यावर. परिसंस्थांचे अभ्यासक लिंडमन यांनी 1942 मध्ये मांडलेल्या विचारातून आलेला दहा टक्क्यांचा ढोबळ नियम (पुढच्या पायरीला आधीच्या पायरीतली साधारण दहा टक्केच ऊर्जा मिळते) लावला, तर पानातल्या 10,000 किलोज्यूलपैकी जिवाणूंकडे 1,000 आणि खेकड्याकडे 100. पण तोच खेकडा शेवाळही खातो, तेव्हा तो सरळ प्राथमिक भक्षक, म्हणजे उत्पादकालाच खाणारा. मी दोन्ही पातळ्या लिहायला सांगितल्या, कारण एक प्राणी एकाच पायरीवर बसत नाही म्हणून तर अन्नजाळं म्हणायचं. रोहित पक्ष्यांचंही तसंच: छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतो, मोठा रोहित बारीक कोळंबीसारखे जीवही खातो. नाव एक, पातळ्या दोन.

तर मला हवंय ते असं. परीक्षेत पुस्तकातलीच साखळी लिहावी हे मान्य, पण प्रकल्पात ही दुसरी साखळी कशी मांडावी, म्हणजे चूक धरली जाणार नाही? दोन साखळ्या शेजारी काढून खेकड्यापाशी जोडल्या तर चालेल का? मेलेल्या पानापासून सुरू होणाऱ्या साखळीला शाळेत चालेल असा मराठी शब्द कोणता? सध्या आम्ही ‘कुजक्याची साखळी’ म्हणतोय. आणि शिक्षकांशी बोलायला मी जाऊ की लेकीलाच वही घेऊन पाठवू? त्या मनापासून शिकवतात, त्यांना दुखवायचं नाही.

प्रकल्प शुक्रवारी द्यायचा आहे. तिवर आणि बगळा रंगवून झालेत, मधली जागा कोरी ठेवलीय.