तिसरीतल्या मुलीचा शाळेचा डबा अधिक पौष्टिक कसा करावा? (कोल्हापूर) – सल्ला हवा

धागाकर्ती, मंगळवार पेठ

माझी मुलगी यंदा तिसरीत आहे. तिची शाळा सकाळी दहाला भरते आणि चारला सुटते. जेवणाची सुट्टी साडेबाराला असते, तीही पंचवीसच मिनिटांची. मी नोकरीसाठी साडेआठला घर सोडते, त्यामुळे डबा त्याआधीच भरावा लागतो आणि त्यातले अन्न चार तास चांगले राहणे ही पहिली अट ठरते. दोन पोळ्या आणि एक भाजी असा डबा आम्ही देतो, परंतु संध्याकाळी तो उघडला की पोळीच्या कडा वाळलेल्या, भाजीचे तेल खालच्या पोळीत मुरलेले आणि निम्म्याहून अधिक अन्न तसेच राहिलेले दिसते. घरी येताच भुकेपोटी बिस्किटांचा नाहीतर वेफर्सचा पुडा फोडला जातो, आणि मग रात्रीचे जेवणही नीट होत नाही.

वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या डब्यात झटपट नूडल्स, क्रीमची बिस्किटे किंवा जॅम लावलेला ब्रेड असतो, आणि तिलाही तेच हवे असते. शाळेत डबा शाकाहारीच आणावा असा नियम असल्यामुळे अंडे घरीच देता येते. सासूबाई भाकरी, उसळी, शेंगदाण्याची चटणी फार उत्तम करतात, पण हे डब्यात नेण्याचे पदार्थ नव्हेत असे मुलीचे ठाम मत आहे. मला नवनव्या पाककृती नकोत. या वयाच्या मुलीच्या डब्यात नेमके काय आणि किती असावे, आणि घरी रोज जे शिजते त्यातूनच ते कसे साधावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद, राजारामपुरी (दोन मुलांची आई)

ताई, पदार्थ बदलण्याआधी त्याचा आकार बदलून पाहा. माझा मुलगा अख्खे थालीपीठ परत आणत असे. तेच थालीपीठ बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून दिले की संपते, कारण एका हाताने खाता येते आणि गप्पा मारता मारता तोंडात टाकता येते. पोळीला आतून तूप आणि चटणी लावून, घट्ट गुंडाळी करून तिचे दोन तुकडे करावेत. भाजी अंगासरशी आणि कोरडी असावी. डबा गरम असताना लगेच झाकू नये. वाफेचे पाणी सुटून पोळी आधी ओली होते आणि नंतर चिवट. पोळ्या किंचित निवू देऊन सुती फडक्यात गुंडाळल्या, तर दुपारपर्यंत मऊ राहतात.

प्रतिसाद, ताराबाई पार्क (आहारतज्ज्ञ)

तुमचा प्रश्न नेमका असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुधारलेल्या प्रमाणांनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे १७०० कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिने, ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १५ मिलिग्रॅम लोह लागते. डब्यापुरता अंदाज हवा असेल, तर सरकारी आणि अनुदानित शाळांतील पोषण आहार योजनेचे माप आपल्यालाही उपयोगी पडते. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असावीत, आणि त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल वापरावे, असे ते माप आहे. यांतली डाळ आपल्या पोळी-भाजीच्या डब्यात बहुधा नसतेच, आणि डब्यातली मुख्य उणीव तीच आहे.

तुमच्याच डब्याचा हिशेब करून पाहू. दोन मध्यम पोळ्यांना साधारण ६० ग्रॅम कणीक लागते. तिच्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. मुलगी त्यातली एकच पोळी खात असेल, तर तीन ग्रॅमच पोटात जातात. भाजी बटाट्याची असेल तर पिष्टासोबत पुन्हा पिष्टच जाते. पोट भरल्यासारखे वाटते आणि तीन वाजता पुन्हा भूक लागते. याच डब्यात अर्धी वाटी मटकीची कोरडी उसळ घातली, म्हणजे कोरडी मटकी सुमारे २० ग्रॅम धरली, तर चार-पाच ग्रॅम प्रथिनांची भर पडते. शेंगदाण्याची चटणी दोन चमचे दिली तर आणखी तीन-चार ग्रॅम मिळतात, कारण शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे सासूबाईंच्या हातच्या ज्या दोन पदार्थांना मुलगी नको म्हणते, तेच या डब्याला सर्वांत जास्त हवे आहेत. तेव्हा त्यांचे रूप बदला: उसळ थोडी ठेचून, बारीक कांदा आणि कोथिंबीर घालून पोळीत भरा, चटणी वेगळ्या डबीत न देता तुपाबरोबर पोळीला आतून लावा, हरभरे उकडून, वाटून त्यांच्या टिक्क्या तव्यावर थोड्या तेलात भाजा. मुगाचे धिरडे हाही उत्तम डबा आहे, आणि मूग रात्री भिजवले की सकाळी वाटायला वेळ लागत नाही. मोड आलेली कडधान्ये मात्र डब्यात कच्ची देऊ नका. चार तास उबेत राहणाऱ्या कच्च्या मोडांत जंतू वाढतात; ती शिजवूनच द्यावीत.

लोहाविषयीही सांगायला हवे. पालेभाज्यांतले आणि कडधान्यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही, पण त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले की शोषण वाढते. त्यामुळे उसळीच्या डब्यात लिंबाची फोड ठेवावी आणि मुलीला ती जेवतानाच पिळायला शिकवावी. शिजतानाच घातले तर उष्णतेने क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. पेरू, संत्रे किंवा आवळ्याची फोड चालेल. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा मात्र देऊ नये, कारण चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते. आपल्याकडे शाळेतून आलेल्या मुलांनाही कपभर चहा देण्याची सवय अनेक घरांत आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

सगळे एकदम बदलू नका. डब्यातले दोन पदार्थ तिच्या ओळखीचे आणि आवडीचे असावेत, तिसराच तेवढा नवा असावा, तोही दोन घासांपुरता. नवा पदार्थ अनेक वेळा समोर आल्यावरच मुले तो स्वीकारतात. तो परत आला म्हणून बंद करू नये.

प्रतिसाद, राधानगरी तालुका

आमच्या पश्चिम भागात, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडे, नाचणी पूर्वीपासून पिकते. शहरातल्या मुलांच्या ताटातून ती गेली याचे मनापासून वाईट वाटते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत. पण नाचणीची भाकरी थंड झाली की चिरते आणि लहान मुले ती खात नाहीत. त्याऐवजी तीन वाट्या नाचणीच्या पिठाला एक वाटी उडीद डाळ भिजवून, वाटून मिसळावी, रात्रभर आंबवावे आणि त्याचे जाडसर डोसे किंवा इडल्या कराव्यात. त्या दुपारपर्यंत मऊ राहतात. पीठ तयार पुड्यातले घेण्यापेक्षा नाचणी निवडून, धुऊन, वाळवून गिरणीतून दळून आणावी.

प्रतिसाद, शिवाजी पेठ (निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

आहारतज्ज्ञ ताईंनी जे लिहिले ते पटते. मुले डबा खातात कशी, याविषयी मला थोडे सांगायचे आहे, कारण वर्गात बसून मी ते अनेक वर्षे पाहिले आहे.

पंचवीस मिनिटांची सुट्टी म्हणजे जेवणाला पंचवीस मिनिटे नव्हेत. रांगेने हात धुणे, जागा पकडणे, झाकण उघडणे यांतच सात-आठ मिनिटे जातात आणि शेवटची काही मिनिटे मैदानाच्या ओढीची असतात. हवाबंद झाकणाचे डबे तर दुसरी-तिसरीच्या मुलांना उघडतच नाहीत. काही मुले बाईंना सांगायला लाजतात आणि डबा तसाच दप्तरात जातो. म्हणून नवा डबा आणला की मुलीला तो घरी स्वतःच्या हाताने चार वेळा उघडायला आणि लावायला सांगावे. पदार्थ मोजकेच असावेत. चार कप्प्यांत चार पदार्थ दिले की मूल सगळ्यांतला एकेक घास खाते आणि उठते. फळ छोट्या सुट्टीसाठी वेगळ्या डबीत द्यावे. केळे अखंड द्यावे, पेरूच्या फोडींना थोडे मीठ लावावे.

मैत्रिणीच्या डब्यातले नूडल्स पाहून हट्ट होणे स्वाभाविक आहे आणि एकट्या पालकाने त्याच्याशी झगडणे अवघड असते. माझ्या वर्गात पालकसभेत हा विषय घेतला होता: आठवड्याचे दोन दिवस साऱ्या वर्गाने ठरवून एकाच प्रकारचा डबा आणायचा, एक दिवस उसळ आणि एक दिवस थालीपीठ किंवा धिरडे. सगळ्यांच्या डब्यात मटकी असली की तिला नाव ठेवणारे कोणी उरत नाही, आणि आपल्या आईची उसळ दुसऱ्याला चाखायला देण्यात मुलांना मोठा अभिमान वाटतो. तुमच्या वर्गशिक्षिकेशी बोलून पाहा.

शाळेच्या उपाहारगृहाबद्दलही पालकांनी बोलायला हवे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम लेखी आहे. पालकांनी तो सभेत वाचून दाखवला तरी पुष्कळ फरक पडतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रथिनांचा हिशेब वाचून सासूबाईंना फार आनंद झाला. उद्यापासून उसळीचे सारण करण्याची जबाबदारी त्यांनी घेतली आहे. अजून काही शंका आहेत. घरी गूळ-शेंगदाण्याचे लाडू नेहमी असतात; ते बिस्किटांऐवजी रोज दिले तर चालतील का? मार्च-एप्रिलच्या उन्हात दही-भात किंवा दही देणे कितपत योग्य आहे? आणि डबा नीट भरूनही ती अलीकडे लवकर दमते, खेळताना मध्येच बसते. हे केवळ कमी खाण्यामुळे असेल का?

प्रतिसाद, ताराबाई पार्क (आहारतज्ज्ञ)

लाडू जरूर द्या, पण लहान लिंबाएवढा एकच. आपल्या कोल्हापुरी गुळाचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही शरीराच्या दृष्टीने गूळ ही बहुतांशी साखरच आहे, आणि त्यातल्या लोहावर विसंबून राहण्याइतका गूळ मुलाने खाणे हिताचे नाही. वरून घातलेल्या साखरेतून आणि गुळातून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या मुलीच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे सपाट आठ चमचे होते, आणि त्यात दुधात घातलेली साखर, बिस्किटे, सरबत सगळे आले. लाडवात शेंगदाणे दोन भाग आणि गूळ एक भाग असे प्रमाण ठेवा. घरात पाच वर्षांखालचे भावंड असेल, तर त्याला अख्खे शेंगदाणे किंवा काजू देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

उन्हाळ्यात चार तास दप्तरात राहणारे दही आणि ओला भात टाळावा. विशेषतः रात्रीचा भात सकाळी परतून डब्यात देऊ नये. शिजलेल्या भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. त्या दोन महिन्यांत नारळाची ओली चटणी आणि पनीरही घरच्या जेवणासाठी ठेवा. डब्यात धिरडी, थालीपीठ, कोरडी उसळ, शेंगदाण्याची चटणी यांवर भर द्या. दही संध्याकाळी घरी आल्यावर द्यावे, किंवा कपभर दूध आणि उकडलेले अंडे. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि पोट भरल्यामुळे वेफर्सकडे हात जात नाही. पुडा घरात मुळात आणायचाच नाही, हे मोठ्यांनी ठरवायला हवे.

लवकर दमण्याचे कारण डब्यावरून ठरवू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्या. ५ ते ११ वर्षांच्या मुलांत ते ११.५ च्या खाली असेल तर रक्तक्षय मानतात. ती माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खाते का, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसते का, हेही पाहून डॉक्टरांना सांगा. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, शाळेतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ती तिने घेतली होती का, हे वर्गशिक्षिकेला विचारा. लोहाचे औषध मात्र तपासणीआधी आपल्या मनाने सुरू करू नका.

धागाकर्ती

शनिवारी दुपारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पापणीची आतली बाजू मलाही थोडी फिकट वाटली. अहवाल आला की इथेच कळवते, आणि पालकसभेत वर्गाच्या उसळीच्या दिवसाचा विषयही मांडते.