कोकणातल्या जुन्या बेने इस्रायल (मराठी बोलणारे ज्यू) कब्रस्तानात पूर्वजांची कबर कशी शोधावी?

प्रश्न: आडनाव रोहेकर, पणजोबांचं नाव सॅम्युएल. दगडांवर हिब्रू आणि मराठी, बरंचसं झिजलेलं. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: रोहेकर म्हणजे मूळ रोह्याचे, तेव्हा आधी तिथलं कब्रस्तान. 'सॅम्युएल'च शोधत बसू नका, जुन्या दगडावर 'सामाजी' असू शकतं. तसंच इझिकेलचं हसाजी. वडिलांचं नाव जुळल्याशिवाय कबर आपली मानू नका.

उत्तर २: हिब्रू सालात अक्षरांची बेरीज करायची. ताव ४००, रेश २००, नून ५०, हे ५ = ६५५. सालातले पाच हजार बहुधा लिहीत नाहीत (म्हणजे पूर्ण साल ५६५५). ६५५ मध्ये १२४० मिळवा: इ.स. १८९५. तिश्रीपासून (हिब्रू वर्षाचा पहिला महिना, सप्टेंबर-ऑक्टोबर) डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर एक वर्ष कमी. इथेच बहुतेकजण चुकतात. दगडावर शालिवाहन शक असेल तर त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमध्ये ७९.

उत्तर ३: अ‍ॅसिड, तारेचा ब्रश, खडू अजिबात नको, उरलेली अक्षरंही जातील. साधं पाणी, मऊ ब्रश. फोटो सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. दगड सावलीत असेल तर आरशाने बाजूने उजेड पाडा. पावसाळ्यानंतर गवत कंबरभर असतं, सापही, जानेवारीत जा.

उत्तर ४: आणि आधी सिनेगॉगच्या (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) मंडळींना विचारा, किल्ली सहसा त्यांच्याकडेच असते.