फुफ्फुसाभोवती वारंवार पाणी आणि ॲस्बेस्टॉसचे जुने काम

प्रश्न (मानेवाडा, नागपूर):
माझे वडील औष्णिक वीजकेंद्रातून निवृत्त झाले. वाफेच्या पाइपांवरचे जुने लॅगिंग (उष्णता रोखणारे, ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे वेष्टण) खरवडून काढणे हे त्यांचे काम. घरी येत तेव्हा शर्टाच्या शिवणींत पांढरी भुकटी बसलेली असे आणि ते कपडे आई हाताने धूत असे. आता त्यांच्या उजव्या फुफ्फुसाभोवती वारंवार पाणी साचते. त्या पाण्यात ना क्षयरोगाचे जंतू सापडले, ना कर्करोगाच्या पेशी, तरीही डॉक्टरांना मेसोथेलिओमा या कर्करोगाची शंका आहे. अहवाल निर्दोष असताना ही शंका का? वडिलांनी बिडीला कधी हातही लावलेला नाही.

उत्तर १:
हा कर्करोग बहुधा फुफ्फुसाभोवतीच्या पातळ आवरणात होतो आणि धूम्रपानाशी त्याचा संबंध आढळलेला नाही. श्वासावाटे खोल गेलेले ॲस्बेस्टॉसचे तंतू शरीराला विरघळवता येत नाहीत, आणि त्यांनी पेटवलेला दाह इतका संथ चालतो की आजार साधारणपणे २० ते ५० वर्षांनी उघडकीस येतो. पाण्यात पेशी न सापडणे या आजारात नेहमीचेच आहे, म्हणून त्या अहवालावर विसंबू नका. थोरॅकोस्कोपीत दुर्बिणीने आवरण प्रत्यक्ष पाहून तुकडा घेतात व त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची (पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखण्याची) चाचणी करतात. निदान पक्के होते ते तिथे. डॉक्टरांनी जुन्या कामाची विचारपूस केली असेल, तर ते योग्य दिशेनेच जात आहेत.

उत्तर २:
वडिलांना आठवते आहे तोवर कोणत्या विभागात, कोणत्या वर्षी, कोणते काम केले, हे लिहून घ्या आणि सेवापुस्तिकेची प्रत जोडा. पुढे भरपाईचा दावा करावा लागला तर हाच आधार असतो. ॲस्बेस्टॉस उद्योगांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा येईल तोवर जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला, तो आजार उघडकीस यायला लागणाऱ्या याच दीर्घ काळामुळे.

उत्तर ३:
आईंकडे दुर्लक्ष करू नका. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातील काही रुग्ण खाणीत कधी उतरलेही नव्हते, केवळ त्या परिसरात राहिले होते. कपड्यांवरून घरी येणाऱ्या धुळीनेही हा आजार झाल्याचे पुढे दिसून आले. आईंना धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर छातीरोगतज्ज्ञांना त्या कपड्यांची हकीकत आवर्जून सांगा.