भरिताच्या व्हिडिओला बॅकग्राऊंड म्युझिक कोणतं टाकू?

तापीकाठ_यावल
नमस्कार मंडळी. मी आणि काकू मिळून आपल्या खान्देशी खाण्याचा यूट्यूब चॅनल चालवतो. आता भरीत पार्टीचा व्हिडिओ केलाय, शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पेटवून बामणोदची वांगी भाजण्यापासून ते ठेचणं, फोडणी, कळण्याच्या पुऱ्या, सगळं मिळून ९ मिनिटं झालंय. शूटिंग मस्त झालंय पण म्युझिकवर गाडी अडकली. चुलतभाऊ म्हणतो ट्रेंडिंग गाणं टाक, व्ह्यूज त्याच्यावरच येतात, ३० सेकंदापर्यंत वापरलं तर काही होत नाही. काकू म्हणते गाणंबिणं नकोच, मी काय सांगते ते ऐकू आलं पाहिजे. यूट्यूबच्या लायब्ररीतली फुकटची म्युझिकं ऐकून पाहिली तर सगळी एकतर हॉटेलच्या लिफ्टमधल्यासारखी नाहीतर परदेशी गिटार. वांगं भाजतंय आणि मागे गिटार, जमतच नाही. तुम्ही कसं ठरवता?

लग्नसराई_जळगाव
काकूंचं ऐक भाऊ. भरिताचा व्हिडिओ म्हणजे अर्धा आवाजाचाच व्हिडिओ आहे. पऱ्हाटी तडतडते, वांग्याची साल फुटून वाफ सुटते तेव्हा जो सुस्स करून आवाज येतो, मग मुसळीने ठेचतानाची थपथप, मिरची-लसणाची फोडणी, हे सगळं म्युझिकखाली गाडलं तर राहिलं काय? मी एडिटिंगला बसलो की आधी म्युझिक न लावता पूर्ण व्हिडिओ डोळे मिटून ऐकतो. जिथे आवाज स्वतःच बोलतोय तिथे म्युझिक शून्य. जिथे नुसताच रिकामेपणा वाटतो, म्हणजे शेताकडे जाणारा रस्ता, पंगत बसते ते, तिथेच म्युझिक.

आता लेव्हल. काकूंचं बोलणं मीटरवर मायनस ६ ते मायनस १२ डीबीच्या मधे ठेव, त्याखालचं म्युझिक मायनस २५ ते ३० पर्यंत खाली उतरव. ॲपमध्ये डकिंग असेल तर चालू कर, बोलणं आलं की म्युझिक आपोआप दबतं. बोलण्याच्या खाली शब्द असलेलं गाणं कधीच नको, कान दोन्हीकडे ओढला जातो. बासरी नि शहनाई पण बायकांच्या आवाजाच्या पट्टीतच येतात त्यामुळे बोलणं पुसट होतं, त्यापेक्षा हलका ठेका नाहीतर खालचा सूर बरा. आणि शेवटी हेडफोन काढून मोबाईलच्या स्पीकरवर ऐक, कारण बघणारे तिथेच ऐकणार, आणि बारक्या स्पीकरला खोल बेस झेपत नाही, नुसता फटफटाट होतो.

एडिटर_धुळे
ते ३० सेकंदाचं चुलतभावाच्या डोक्यातून आधी काढा. असा कुठलाच नियम नाही. ५ सेकंदाचा तुकडा असला तरी कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा, पकडू शकते. 'नो कॉपीराईट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड' असं खाली लिहून पण काही फरक पडत नाही.

क्लेम आणि स्ट्राईक या वेगळ्या गोष्टी आहेत, लोक फार गोंधळ घालतात. क्लेम म्हणजे गाण्यावर मालकाचा दावा, तो आला तर बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात, कधी व्हिडिओ ब्लॉक पण होतो, पण यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायचं पान) जाऊन तेवढं गाणं काढता किंवा बदलता येतं. स्ट्राईक म्हणजे मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला, आणि ९० दिवसात असे ३ झाले तर चॅनल जाऊ शकतो. काकूंची एवढी मेहनत एका ट्रेंडिंग गाण्यापायी कशाला पणाला लावायची?

यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीत मूड नि वाद्याप्रमाणे फिल्टर लावता येतो, वरवर ऐकून सोडू नका. काही ट्रॅकना बनवणाऱ्याचं नाव देणं बंधनकारक असतं, तिथे दिलेली ती ओळ कॉपी करून डिस्क्रिप्शनमध्ये टाकायची. बाहेरून क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे मालकाने अटी घालून मोफत दिलेलं म्युझिक, घेतलंत तर लायसन्सची अक्षरं बघा, एनसी (नॉन-कमर्शियल) असेल तर कमाईच्या चॅनलला चालत नाही, एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल नको) असेल तर व्हिडिओला जोडताच येत नाही. आणि इन्स्टावर जे गाणं रीलला मिळतं ते यूट्यूबला चालेलच असं नाही, परवानगी त्या त्या ॲपपुरतीच असते.

आखाजीचा_झोका
विषय भारी शे भाऊ! मला तर वाटतं लायब्ररीत शोधायलाच नको. आपल्याकडे वहीगायनाची, म्हणजे डफावर लोकगीतं म्हणणारी, मंडळं आहेत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर गाणी म्हणणाऱ्या बाया आहेत, त्यांच्याकडून दोन मिनिटाचा ठेका रेकॉर्ड करून घ्या ना! नुसता डफ चालला तरी व्हिडिओ खान्देशचा वाटेल. बहिणाबाईंच्या ओव्या पण आहेत. त्या १९५१ ला गेल्या, गाणी १९५२ ला छापून आली, त्यावरची ६० वर्षांची मुदत संपली आहे, म्हणजे शब्द आता कोणीही गाऊ शकतं. फक्त कोणाची तयार रेकॉर्डिंग उचलू नका, ती चाल आणि तो आवाज वेगळ्या मालकीचा असतो. काकूंनीच वांगी ठेचता ठेचता गुणगुणलं तर त्याच्यापुढे काहीच नको!

शहाद्याहून
सूचना आवडली, एक जोडतो. हल्ली कोणी 'गावरान फील' म्हणून पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) नि सातपुड्यातला होळीचा ढोल कशालाही लावतात. पावरी आमच्याकडच्या आदिवासी वाजवणाऱ्यांची आहे, होळीला रात्रभर त्या नादावर नाचतात लोक. तिचा भरिताशी संबंध नाही. होळीचा व्हिडिओ कराल तेव्हा जरूर घ्या, वाजवणाऱ्याचं नाव लिहा, पैसे द्या. खान्देश एकच असला तरी यावलचा नाद वेगळा नि आमच्या सातपुड्यातल्या अक्राणीचा वेगळा.

तापीकाठ_यावल
एवढं सगळं सांगितलंत, मनापासून आभार. काकूला वाचून दाखवलं, ती गायला तयार आहे. ठेचणं नि फोडणी बिनाम्युझिकची, पंगतीला डफ, असं ठरवलंय. गल्लीतले एक काका डफ वाजवतात, ते म्हणाले पैसे नको. तरी काही लिहून घ्यावं लागतं का?

एडिटर_धुळे
घ्याच, आणि पैसे पण द्याच, ५०० द्या पण द्या. साध्या कागदावर चालतं पण सही पाहिजे. कोणती रेकॉर्डिंग, कशासाठी वापरणार, किती पैसे, किती वर्षं, कुठे, हे सगळं लिहा. मुदत लिहिली नाही तर आपल्या कॉपीराईट कायद्यात ५ वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसतं त्यामुळे 'जगभर' हा शब्द विसरू नका. काकांचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये पहिल्या ओळीत टाका, आणि व्हिडिओ आला की लिंक इथेच द्या.