मदत हवी आहे: १९७२ ची एमजीबी जीटी, पाचवा गिअर फोर्डचा घ्यावा की माझदाचा?

कॉव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो. दारात १९७२ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार आहे. क्रोम बंपर, मूळचं १७९८ सीसीचं इंजिन, जोड कार्ब्युरेटर, चार गिअर, ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी करणारी जोड) नाही. इंजिन ठणठणीत आहे, गिअरबॉक्सने मात्र मान टाकली आहे. पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर येते आणि चौथा टाकला की आवाज गायब होतो, म्हणजे लेशाफ्टची (गिअरबॉक्समधल्या दुय्यम दांड्याची) बेअरिंग्ज गेली असणार. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना किर्र होतं ते वेगळंच.

या गाडीचा गिअरबॉक्स खालून उतरत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही वरून काढावे लागतात. एवढा खटाटोप करायचाच आहे तर तोच चार गिअरचा डबा दुरुस्त करून पुन्हा का बसवावा? मोटरवेवर ताशी ७० मैलांना, म्हणजे ११३ किलोमीटरला, इंजिन ३९०० आरपीएमवर ओरडत असतं. बायको म्हणते, "गाडी छान आहे, पण काय सांगायचंय ते घरी पोचल्यावर सांग."

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. एक, याच गाडीचा ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स शोधायचा. दोन, फोर्ड सिएराचा टाइप ९. तीन, माझदा एमएक्स-५ चा पाच गिअरचा. दोन्ही परक्या डब्यांसाठी इथे तयार किट मिळतात, पण किटवाल्याला विचारलं तर तो स्वतःचंच किट विकणार. म्हणून इथे विचारतो:

पहिल्या गिअरचा फरक रोजच्या चालवण्यात किती जाणवतो? बोगदा (दोन सीटमधला पत्रा) कापावा लागतो का? क्लचचं काय करायचं? आणि स्पीडोमीटर खरं बोलेल का?

काम मी स्वतः, एका मित्राच्या गॅरेजमध्ये करणार आहे. इंजिन उचलायची घोडी आहे, लेथ नाही.

सायलेन्सर

वहिनींचं म्हणणं ऐका आणि एमएक्स-५ च आणा. गिअरबॉक्स आत बसवलेलाच येतो.

अँबीवाला

कॉव्हेंट्रीकर, परक्या कंपनीचा डबा म्हणून बिचकू नका. आपल्याकडे कारखान्यांनीच हे उद्योग केलेत. कुर्ल्याच्या प्रीमियरने ११८ एनई काढली तेव्हा अंग फियाट १२४ चं आणि इंजिन-गिअरबॉक्स निसानचं होतं. हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसात आणि नंतर अँबॅसडरमध्ये इसुझुचं १८०० चं इंजिन पाच गिअरसकट टाकलं. त्या अँबॅसडरमध्ये बसल्यावर जुनी गाडी विसरायला व्हायचं.

आणखी एक गंमत. तुमचं १७९८ सीसीचं इंजिन आणि आमच्या जुन्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजची. एकाच घरातली भावंडं. त्यामुळे सावधगिरीची एक गोष्ट अनुभवाने सांगतो: तुमच्या इंजिनाचे बोल्ट इंची आट्यांचे, फोर्ड आणि माझदाचे मेट्रिक. जोडकामाच्या जागी दोन्ही एकत्र येणार. दोन वेगळे ट्रे ठेवा आणि हाताने सहज फिरत नसेल तर पान्याने जोर करू नका. अॅल्युमिनियमच्या हाउसिंगचे आटे एका झटक्यात जातात.

जुनंतेसोनं

पहिल्या वाटेकडे कुणी बघतच नाहीये म्हणून लिहितो. लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह हा याच गाडीसाठी कारखान्याने दिलेला पर्याय होता. तुमच्या वर्षाच्या गाडीत तो तिसऱ्या आणि चौथ्या दोन्हींवर चालतो (१९७७ पासून फक्त चौथ्यावर केला). म्हणजे हाताशी सहा वेग येतात. तिसऱ्यात बटण दाबलं की गिअरचं गुणोत्तर (डब्यातून बाहेर पडणाऱ्या एका फेरीमागे इंजिनाचे फेरे) १.३८ चं साधारण १.१३ होतं, आणि घाटासारख्या चढ-उताराच्या रस्त्यावर त्यासारखं सुख नाही. क्लच न दाबता, नुसत्या बटणावर. वेल्समध्ये चालवून बघा एकदा.

कापाकापी नाही, क्लच तोच, लिव्हर तिथेच. वायरिंगचं थोडं काम: सोलेनॉइडला वीज आणि पहिल्या-दुसऱ्यात तो लागू नये म्हणून गिअरबॉक्सवरचा रोधक स्विच. तेलही गिअरबॉक्सचंच वापरतो, तेच २०डब्ल्यू-५०. उद्या गाडी विकायची झाली तर घेणारा खूश.

कॉव्हेंट्रीकर

@अँबीवाला, भावंडांचं माहीत नव्हतं. आजोबांकडे अँबॅसडर होती, आता एमजीबीकडे बघायची नजर बदलणार.

@जुनंतेसोनं, पटतंय. पण ओव्हरड्राइव्हवाले जे डबे विकायला दिसतात ते एक तर माझ्याइतकेच थकलेले असतात, नाही तर दुरुस्त केलेल्याचा भाव पाच गिअरच्या किटच्या जवळ जातो. आणि आतले गिअर, सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) शेवटी त्याच पिढीचे. पाचवा गिअर हवाच आहे, पण मला दुसऱ्या गिअरची किर्र कायमची घालवायची आहे.

गुणोत्तर

इथे सगळे पाचव्या गिअरवर बोलतायत. पाचव्यात काहीच फरक नाही! लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह ०.८२, फोर्ड टाइप ९ चा पाचवा ०.८२, माझदाचा ०.८१४. तुमचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा शेवटचा गिअरसंच) ३.९०९ चा आहे. तिन्हींत ७० मैलांना साधारण ३२०० आरपीएम येणार, पाच-पंचवीस इकडेतिकडे. म्हणजे ज्या कारणासाठी ही खरेदी करताय त्या बाबतीत तिन्ही सारखे. निवड खालच्या गिअरवर करा.

तुमचा आत्ताचा पहिला ३.४४, दुसरा २.१७. चार सिलिंडरच्या सिएरातला टाइप ९ घेतला तर पहिला ३.६५ आणि दुसरा एकदम १.९७. पहिल्यात ५००० पर्यंत ओढून दुसरा टाकलात की सुई २७०० वर पडते. तुमच्या जुन्या डब्यात ती ३१५० ला थांबते. हा खड्डा दर सिग्नलला जाणवतो. पहिला इतका छोटा की गाडी हलली न हलली तोच संपतो, आणि दुसऱ्यात इंजिन झोपतं. सिएरात डिफरन्शियल वेगळा होता, तिथे ते चालून जायचं. व्ही६ वाल्या फोर्डमधला टाइप ९ मिळाला तर पहिला ३.३६, दुसरा १.८१. पहिला सुधारतो, दरी मात्र तेवढीच राहते. शिवाय त्याचा इनपुट शाफ्ट तुमच्या किटच्या हाउसिंगला जुळतो का ते आधी विचारा.

माझदाचा पहिला ३.१४, दुसरा १.८९, तिसरा १.३३. ५००० वरून ३००० ला येतो, म्हणजे जुन्या डब्याच्या जवळपास. पहिला थोडा लांब, चढावर गाडी उभी असताना क्लच जरा जास्त घासेल. बी-सिरीजला खालून चांगला जोर आहे, तेवढं ती सहज ओढते.

एक इशारा: एमएक्स-५ च्या दुसऱ्या पिढीत सहा गिअरचाही डबा आला. "सहा आहेत तर सहाच घेऊ" असं करू नका. त्याचा पहिला ३.७६ आणि सहावा ०.८४३. तुमच्या डिफरन्शियलवर पहिला निरुपयोगी आणि वर मोटरवेवर पाचवालाच बरा.

सायलेन्सर

मग डिफरन्शियलच बदला की. एमजीबी जीटी व्ही८ ला ३.०७ चा होता.

गुणोत्तर

व्ही८ मध्ये ३.५ लिटरचं रोव्हर इंजिन होतं हो. १.८ लिटरला ३.०७ लावला तर मोटरवे छान जाईल आणि टेकडीवरच्या सिग्नलला मागचे हॉर्न वाजवतील. आणि गिअरबॉक्सची घरघर तशीच.

उद्यमनगर

कोल्हापुरातून लिहितोय. एमजीबी फोटोतच बघितली आहे, पण एका इंजिनाला दुसऱ्याचा डबा जोडायची कामं लेथवर बरीच केली आहेत. तेवढ्यापुरतं बोलतो.

फोर्डच्या टाइप ९ चं बेलहाउसिंग (इंजिन आणि डबा जोडणारं घंटेसारखं आवरण) वेगळं, बोल्टने बसवलेलं असतं. म्हणून तो इतक्या वेगवेगळ्या गाड्यांत गेला, केटरहॅम या स्पोर्ट्सकारवाल्यांनीही वापरला. तुमच्या इंजिनाचं हाउसिंग नवीन करून लावलं की झालं. माझदाचं हाउसिंग डब्याच्या अंगचंच ओतलेलं आहे, त्यामुळे तिथे जोडपट्टी किंवा कापून केलेलं काम येणार. दोन्हींत पाहायची गोष्ट एकच: क्रँकचा मध्य आणि इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आहे का.

किट आलं की बोल्ट आवळून मोकळे होऊ नका. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारं मापयंत्र) बसवा, टोक हाउसिंगच्या मधल्या बोअरवर टेकवा आणि क्रँक पूर्ण फेरी फिरवा. सुई एकूण ०.१३ मिलिमीटरच्या आत हलली पाहिजे. जास्त हलत असेल तर डॉवेल पिना सरकवून बसवाव्या लागतात. हे न बघता बसवलेला डबा सुरुवातीला गोड चालतो, मग इनपुट बेअरिंग गुणगुणायला लागतं आणि माणूस डब्याला शिव्या देतो. डायल गेज भाड्याने आणा, उसना आणा, पण लावा.

क्रँकच्या टोकातला स्पिगॉट बुश (शाफ्टचं टोक धरणारी छोटी बाही) नव्या शाफ्टच्या नाकाला बसणारा हवा. क्लचप्लेटचा व्यास जुन्या प्रेशरप्लेटचा, मधला हब नव्या शाफ्टच्या स्प्लाइनचा (दातेरी खाचांचा). प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून बघा, अडता कामा नये.

कॉव्हेंट्रीकर

उद्यमनगर साहेब, सोन्यासारखी माहिती. क्लचवरच पुढचा प्रश्न: काही किटमध्ये बेलहाउसिंगच्या आत शाफ्टभोवती बसणारा गोल स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) देतात, काहींत बाहेरचा. आतला सुटसुटीत दिसतो. घ्यावा का?

उद्यमनगर

तुम्हीच वर लिहिलंय की डबा काढायला इंजिन उचलावं लागतं. आतल्या सिलिंडरचं सील गळलं की पुन्हा तेवढंच काम, काही रुपयांच्या रबरासाठी. बाहेरचा असेल तर गाडीखाली झोपून संध्याकाळपर्यंत बदलून होतो. मी असतो तर बाहेरचाच. फक्त पेडलकडच्या मास्टर सिलिंडरच्या बोअरशी त्याचा बोअर जुळला पाहिजे. स्लेव्ह फार मोठा झाला तर पेडल तळाला जाईल आणि क्लच पूर्ण सुटणार नाही, मग नव्या डब्यातही तीच किर्र.

बर्मिंगहॅमची_मावशी

माझ्या यजमानांकडे अशीच रोडस्टर आहे, त्यात माझदाचा डबा बसवलाय. पाने आणि टॉर्च धरून मी शेजारी उभी होते, त्यामुळे थोडं कळतं.

बोगद्याचं सांगते. १९६७ च्या शेवटी मार्क २ आली तेव्हा चारही गिअरना सिंक्रोवाला नवा डबा आणि ऑटोमॅटिक बसावं म्हणून कारखान्याने बोगदा रुंद केला. तुझी ७२ ची, त्यामुळे जागा बऱ्यापैकी आहे. आमच्याकडे पत्र्याला करवत लावली नाही. लिव्हरचं भोक कुठे येतं ते मात्र डबा तात्पुरता लटकवून आधी बघ, गालिचा नंतर काप. त्याआधीच्या गाडीवाल्यांनी हे वाचून उड्या मारू नयेत, त्यांचा बोगदा अरुंद आहे.

दुसरं म्हणजे मागचा आधार. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एक लांब अॅल्युमिनियमची चौकट जाते, डबा तिलाच धरून असतो. खाली नेहमीसारखं रबरी माउंटिंग नाहीच. म्हणून किटमध्ये वेगळा ब्रॅकेट आणि आडवा क्रॉसमेंबर येतो का ते विचारून घे. आमच्या वेळी यजमान भंगारवाल्याकडून नुसता डबा घेऊन आले आणि रबर शोधत बसले. प्रोपेलर शाफ्टही (डब्यापासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) वेगळ्या लांबीचा लागतो. डबा बसल्यावर प्रत्यक्ष माप घेऊनच करायला दे, बॅलन्स करून. डब्याचा आणि डिफरन्शियलचा फ्लँज एकमेकांना समांतर ठेवा, नाही तर साठच्या पुढे बुडाखाली थरथर येते.

आणि विमा कंपनीला कळव. गिअरबॉक्स बदलणं हा इथे बदलच धरतात.

कॉव्हेंट्रीकर

मावशी, त्या रबराचं वाचून हसलो आणि लगेच किटच्या यादीत ब्रॅकेट शोधला. आहे.

बराचसा कौल माझदाकडे झुकलाय. राहिला स्पीडोमीटर. माझा मूळचा स्मिथ्सचा आहे, केबलवाला, आणि तो मला बदलायचा नाही.

गुणोत्तर

मग पहिल्या पिढीचा, १९८९ नंतरचा जुना डबा शोधा. त्याला स्पीडोसाठी केबल आहे. दुसऱ्या पिढीत इलेक्ट्रॉनिक सेन्सर आला, तिथे तुम्हाला मधे वेगळं यंत्र लागेल. इंजिन १.६ की १.८ याने फारसं बिघडत नाही, कारण १.८ एमएक्स-५ चा टॉर्क तुमच्या बी-सिरीजएवढाच होता.

स्मिथ्सच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरात एक आकडा असतो, उदाहरणार्थ १२८०. एका मैलात केबलच्या तेवढ्या फेऱ्या झाल्या तर काटा खरा. नवा डबा बसल्यावर केबलचं मीटरकडचं टोक सोडा, त्यावर कागदाचा बाण चिकटवा, गाडी न्यूट्रलमध्ये सरळ रेषेत १६.०९ मीटर ढकला आणि फेऱ्या मोजा. हा मैलाचा शंभरावा भाग झाला. फेऱ्यांना शंभराने गुणा. तबकडीवरच्या आकड्याशी जुळलं नाही तर तो नवा आकडा कळवून मीटर कॅलिब्रेट करून घ्या, किंवा केबलच्या मधे गुणोत्तर बदलणारी छोटी गिअरची डबी लावा. टायरमध्ये हवा नेहमीएवढीच ठेवा, नाही तर मोजमाप चुकतं.

जुनंतेसोनं

ठीक आहे, हरलो. पण जुना डबा आणि क्रॉसमेंबर विकू नका. तेल घालून, तोंडं बंद करून गॅरेजमध्ये ठेवा. आणि माझदात २०डब्ल्यू-५० ओतू नका सवयीने, त्याला ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल लागतं, जीएल-४ दर्जाचं.

कॉव्हेंट्रीकर

ठेवणार, वचन. सध्याचा बेत असा: पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चा पाच गिअरचा डबा, बाहेरच्या स्लेव्हचं किट, आणि इंजिन बाहेर आहे तोवर क्रँकचं मागचं सीलही बदलून घेतो. मित्राकडे डायल गेज आहे, पण चुंबकी स्टँड नाही. मिडलँड्समध्ये कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उचलायच्या दिवशी दोन हात जास्त मिळाले तरी चालतील, जेवण माझ्याकडे.

बर्मिंगहॅमची_मावशी

स्टँड यजमानांकडे आहे, व्यनि केला आहे. माणसासकट येईल.