पेशवेकालीन पुण्यातील वेंधळी नायिका आणि रंगेल सरदार: विनोदी प्रेमकथेसाठी मार्गदर्शन हवे

कसब्यातली लेखिका

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक विनोदी ऐतिहासिक प्रेमकथा लिहीत आहे आणि आता अशा जागी अडले आहे की, जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही. नायिका वाईकडच्या एका खेड्यातून पुण्यात आलेली, बुद्धीने तल्लख, बोलण्यात चटकदार, पण हातापायांनी कमालीची वेंधळी आहे. नायक एका ब्राह्मण सरदार घराण्यातला धाकटा मुलगा आहे. देखणा, उधळ्या, लावणीच्या बैठकांचा शौकीन आणि साऱ्या शहरात रंगेल म्हणून नाव झालेला.

इंग्लंडातील उमरावांच्या काळावर बेतलेल्या अशा कथा मी आवडीने वाचते. तिथे नायिका नाचाच्या मेजवानीत उमरावाच्या पायावर पाय देते किंवा झग्याच्या घोळात अडखळून थेट त्याच्या अंगावर कोसळते, आणि तिथून गोष्ट सुरू होते. आपल्याकडे अशी भेट घडवायची कुठे? मी कथा १८०८ मध्ये, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा नवा असताना ठेवली आहे आणि पहिल्याच प्रकरणात नायिका पेठेतल्या सार्वजनिक हौदात पडते व नायक तिला बाहेर काढतो. हे पटते का? दुसरे असे की, पाचव्यांदा पडणारी नायिका मलाच कंटाळवाणी वाटू लागली आहे. आणि नायकाचा रंगेलपणा वाचकाला आवडावा असेही वाटते व तसे वाटल्याबद्दल मन खातेही.

नारायण पेठेतला वाचक

आपला विषय फार आवडला. पेशवाई म्हटली की आपल्याकडे लढाया, कारस्थाने आणि शोकांतिका एवढेच लिहिले जाते. त्याच वाड्यांमध्ये माणसे हसतही असतील याकडे कोणी वळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हौदाचा प्रसंग काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने शहरात येऊन हौदांमध्ये साठत असे आणि ते पिण्याचे पाणी होते. त्या हौदात कोणी पडले तर सारी पेठ पाणी बाटले म्हणून आरडाओरडा करील, नायिकेच्या घरच्यांना मान खाली घालावी लागेल आणि नायकाने तिचा हात चारचौघांत धरला हा दुसरा गहजब होईल. त्यात वाचकाला हसू येणार नाही, तिची दया येईल. पडायचेच असेल तर तिला वाड्याच्या मागच्या चौकातल्या कारंज्याच्या टाक्यात पाडा, जिथे पाहणारे दोनचारच असतील आणि त्यांतला एक नेमका तो असेल.

आता भेटीबद्दल. त्या काळी मुलींची लग्ने लहानपणीच होत, त्यामुळे अविवाहित तरुणी आणि तरुण सरदार यांची ओळख, रुसवे आणि मागणी हा क्रम त्या समाजात बसवता येत नाही. मात्र ही अडचण नसून आपल्या हाती आलेली सर्वांत मोठी संधी आहे, असे मला वाटते. दोघांचे लग्न आधीच झालेले असू द्या. बालपणी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी राहिलेली ही दोघे, लग्नानंतर काही कौटुंबिक कारणाने ती माहेरीच राहिली, तो उत्तरेत फौजेबरोबर गेला, आणि आता विशीतली ती व पंचविशीतला तो एकमेकांना ओळखतही नाहीत. महादजी शिंदे उत्तरेतील दीर्घ मुक्कामानंतर १७९२ च्या जूनमध्ये पुण्यात आले. त्यांच्या लष्कराबरोबर आपला नायकही परत येतो आणि वाड्यात पोहोचण्यापूर्वीच एका धांदरट, वाक्यावाक्याला उलट उत्तर देणाऱ्या तरुणीवर त्याचे मन बसते. ती आपली बायको आहे हे त्याला ठाऊक नाही. तिला मात्र दुसऱ्याच दिवशी ते कळते आणि ती मुद्दाम सांगत नाही. इथे विनोदही आहे, प्रेमही आहे आणि त्या काळाच्या रीतीला कुठेही धक्का लागलेला नाही.

यासाठी काळ मात्र सवाई माधवरावांचा घ्यावा लागेल, आणि तो घ्यावाच. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्यावर चाल केली, शहर लुटले गेले, पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. १८०८ च्या पुण्यातील प्रत्येक घरात त्या दिवसांची आठवण ताजी असणार आणि ती बाजूला ठेवून केलेला विनोद पोकळ वाटेल. उलट १७९२ चे पुणे नवलाईने भरलेले आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट संगमावर राहतो, जेम्स वेल्स हा चित्रकार दरबारातील मोठ्यांची तैलचित्रे काढतो, गंगाराम तांबट हा आपला पुणेकर कलावंत पेशव्यांच्या शिकारखान्यातील, म्हणजे पाळलेल्या जनावरांच्या संग्रहातील, गेंड्याचे चित्र काढून मोकळा झालेला आहे. त्या चित्रावर नोव्हेंबर १७९० अशी तारीख आहे. गेंडा पाहायला निघालेल्या बायकांच्या घोळक्यात नायिका असेल, तर पहिल्या भेटीसाठी हौदाची गरजच उरत नाही. एक सावधगिरी: घाशीराम कोतवाल १७९१ मध्येच मारला गेला, तेव्हा मोह झाला तरी त्याला या कथेत आणू नये.

शेवटी वेंधळेपणाबद्दल. झग्याच्या घोळात अडखळणे आपल्याकडे चालणार नाही, कारण कासोट्याच्या नऊवारी लुगड्यात बाई पळू शकते, घोड्यावरही बसू शकते. तिला अडखळवायचे काम वाड्याकडे सोपवा. दिंडी दरवाजा इतका ठेंगणा की वाकायला विसरले की कपाळमोक्ष, उंबरे हातभर उंच, जिने भिंतीच्या पोटात आणि दिवसाही अंधारे. विश्रामबागवाड्यात किंवा नाना वाड्यात एकदा सावकाश फिरून यावे आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते, दिवे व पानदाने पाहावीत. प्रत्येक वस्तू कशी सांडेल, कशी निसटेल, तिचा आवाज किती दूर जाईल याचा विचार करत ती पाहिली तर पुढची दहा प्रकरणे तिथेच सापडतील.

आणि नुसते पडणे पुरेसे नाही. प्रत्येक चुकीची त्या घरात काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात तिच्या पारोशा पदराचा धक्का लागला तर शंभर पानांचा स्वयंपाक पुन्हा करावा लागतो. सवाई माधवरावांच्या १७८३ च्या लग्नात नाना फडणविसांनी कामांची आणि व्यवस्थेची इतकी बारीक याद करून दिली होती की ती आजही कौतुकाने वाचली जाते. पंगतीतल्या शिस्तीला एवढे महत्त्व देणाऱ्या शहरात आपली नायिका मिठाच्या जागी कोशिंबीर वाढते, हा प्रसंग कोणालाही न पाडता हसवतो.

मोडीवाचक

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. मी फक्त भाषेपुरते लिहिते.

आपल्या संवादांत नायिका नायकाला ‘तुम्ही’ म्हणत असेल तर ते बदलावे. जुन्या घरांतील बायका नवऱ्याशी बोलताना कर्त्यालाच वाक्यातून हद्दपार करीत. ‘इकडून जेवण झालं का?’, ‘काल इकडून येणं झालं नाही’, आणि इतरांशी बोलताना ‘इकडची स्वारी’. ही वाक्यरचना आदराची आहे, पण तिच्या आडून रागही फार छान व्यक्त होतो, कारण समोरच्याचा उल्लेखच न करता त्याला बोल लावता येतो. पहाटे घरी परतलेल्या नवऱ्याला ‘इकडून रात्री कुठल्या चौकीवर निजणं झालं?’ असे विचारणारी बायको डोळ्यांसमोर आणून पाहा. उत्तर पेशवाईत रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर हिंडण्यास मनाई असे आणि सापडलेल्याला पहारेकरी अडकवून ठेवीत, तेव्हा हा टोमणा अगदी जागच्या जागी बसतो.

दिंडी दरवाजा तिने गुपचूप उघडून द्यावा आणि त्याच वेळी अंधारात पाय लागून पाण्याचे तांब्याचे घंगाळ चौकभर गडगडत जावे, असे मला हे वाचतानाच सुचले. हवे असल्यास अवश्य घ्यावे.

आजीची नात

इथे एक गोष्ट कोणी बोलले नाही, आणि ती मला महत्त्वाची वाटते. पेशवाईतील सरदाराचा रंगेलपणा म्हणजे केवळ अत्तर, विडा आणि फेट्याचा तुरा नव्हे. त्या काळात कुणबिणी म्हणजे दासी विकत घेतल्या जात, नाटकशाळा म्हणजे रखेल्या ठेवल्या जात, आणि ज्या बायकांच्या जिवावर हे शौक चालत त्यांना नाही म्हणण्याची मुभा नसे. आपण या सगळ्याला गंमत म्हणून रंगवले आणि शेवटी भोळ्याभाबड्या बायकोने त्याला सुधारले असे दाखवले, तर त्या बायका दुसऱ्यांदा पुसल्या जातील. आपले मन खाते असे आपण लिहिले आहे. त्या मनाचे ऐकावे.

याचा अर्थ नायक रंगेल नसावा असा नाही. त्याचे दोष असे निवडावेत की त्यांची झळ मुख्यतः त्यालाच लागेल. पैजा, घोडे, उंची शालजोड्या, शाहिरांवर उधळलेली बिदागी आणि त्यापायी सावकाराकडे गहाण पडलेला सरंजाम, म्हणजे चाकरीबद्दल मिळालेला मुलूख. मोठमोठे सरदार सावकारांच्या कर्जात बुडालेले असत, त्यामुळे हे खोटे वाटणार नाही. राम जोशी आणि अनंत फंदी यांचा हा काळ आहे. नायकाला कवनाची खरी जाण असू द्या, म्हणजे बैठकीला तो शब्दांसाठी जातो हे वाचकाला पटेल. वाड्यात एखादी कुणबीण असेल तर तिला नाव द्या, बोलू द्या, आणि नायिकेच्या वेंधळेपणाचे खापर कधीतरी तिच्यावर फुटते हेही दाखवा. नायक त्या वेळी काय करतो, यावर मी त्याला माफ करायचे की नाही ते ठरवीन.

कसब्यातली लेखिका

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. हौद काढला. काळ १७९२ केला. काल नाना वाड्याजवळून जाताना एका जुन्या दरवाज्यापाशी बराच वेळ थांबले आणि नायिकेचे कपाळ नेमके कुठे आपटेल ते पाहून आले.

‘आजीची नात’ यांच्या प्रतिसादाने दोन रात्री झोप लागली नाही, पण त्यातूनच मधला प्रसंग सुचला. नायिकेच्या हातून देवघरातली मोठी समई पडून एका पाहुण्यांचा शेला जळतो आणि दोष कुणबिणीवर जातो. नायिका पुढे होऊन खरे सांगते. आजवर कुठलीही जबाबदारी न घेतलेला नायक ते ऐकतो, आणि शेल्याची भरपाई म्हणून स्वतःचा आवडता घोडा देऊन टाकतो. तो तिच्या प्रेमात खऱ्या अर्थाने इथे पडतो असे मी ठरवले आहे.

आता एकच प्रश्न उरला. त्यांच्या मनातले एकमेकांना कळणार कसे? ‘माझे तुमच्यावर प्रेम आहे’ असे वाक्य १७९२ च्या तोंडी घालण्याची माझी तयारी नाही.

मोडीवाचक

त्याचे उत्तर आपल्या नायिकेच्या स्वभावातच आहे. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, अशी समजूत होती. नाव घ्यायचे ते उखाण्यात, तेही कोणी आग्रह केला तर. आपली नायिका हळदीकुंकवाला शंभर जणींसमोर उखाण्याचा यमक विसरते, हे आधी एकदा येऊन जाऊ द्या, म्हणजे वाचकाला ही रीत ठाऊक होईल. मग शेवटच्या प्रकरणात तो भिंतीतल्या अंधाऱ्या जिन्यावरून उतरत असताना, ज्या पायरीवर ती रोज अडखळते तिथेच त्याचा पाय घसरतो, आणि तिच्या तोंडून सासू, दीर, नोकरचाकर सगळ्यांच्या देखत त्याचे नाव निघून जाते. नुसते नाव, ना यमक, ना ‘राव’. सारा वाडा स्तब्ध. ती भीतीने रडायला लागते, कारण आपल्या हातून झालेली ही सर्वांत मोठी चूक आहे असे तिला मनापासून वाटते.

तो गुडघा चोळत तिथेच पायरीवर बसतो आणि म्हणतो, ‘पुन्हा घ्या.’